होडीतली जमीन

ट्रेलरवरून उतरवली तेव्हा टपरीवरची माणसं
हातात चहा तसाच धरून बघत राहिली.
शिडाची होडी. बावीस फुटी. नाव टिटवी.
भावानं देऊन टाकली, त्याचे डोळे गेले म्हणून.
आता हिंगण्याच्या माझ्या प्लॉटवर
सहा लोखंडी घोड्यांवर उभी आहे,
आणि कुठल्याही दिशेला निघालं
तरी समुद्र ट्रेलरला दोन दिवस लांब.

केबिनमधली जमीन कुजली होती.
प्लाय पापुद्र्यासारखा सुटत गेला, थराखाली थर,
आणि सगळ्यात खाली
डिझेलचा तवंग आलेलं रत्नागिरीचं पाणी,
दोन ओंजळी.
मी बोट बुडवून चाखलं. अजून खारट.

लकडगंजातून डोमाजी शेंद्रे आले.
कानावर पेन्सिल, पिशवीत गुण्या, ओळंबा.
ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, दोन्ही उघडले.
"बाई, हे तं कुठंच काटकोनात नाही."
गुण्या परत पिशवीत गेला.
मग कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कातरत,
होडीच्या पोटाला लावत, काढत, परत कातरत,
ब्लाउजचा गळा बेतावा तसं
एकेका फळीला दोन दोन दिवस.

साग आलापल्लीचा,
मधे शिसवीच्या बोटभर पट्ट्या.
मी म्हटलं, फळ्यांभोवती फट ठेवा,
जुन्या चाराण्याच्या जाडीची.
रंधा थांबला.
"तीस वर्षं मी फटी बुजवून राह्यलो,
आन् तुम्ही ठेवा म्हनता?"
सांगितलं त्यांना: इथं मे आहे, सेहेचाळीस डिग्री,
लाकूड अंग चोरून बसलंय.
तिकडे गेलं की फुगेल. जागा नसली तर
एकमेकींना उचलून फेकतील फळ्या.
डोमाजींनी सागावर हात ठेवला,
ताप बघताना ठेवतात तसा.
"म्हंजे जी हवा इथं नाहीच
तिच्यासाठी जागा सोडाची."
आणि पुढं दिवसभर काही बोलले नाहीत.

व्हार्निश पहाटे चारला. नंतर ब्रश ओढला जात नाही.
आधी अंगणात पाणी मारायचं, कूलर बंद,
डोक्याला फडकं, हातात विजेरी.
पहिला हात पातळ, अर्धं टर्पेंटाइन.
दुसरा. पॉलिश पेपर. तिसरा. पॉलिश पेपर.
चौथ्या हाताला वावधन आलं
आणि अख्ख्या हिंगणा रोडची माती
ओल्या सागावर येऊन बसली.
दोघंही बघत उभे राहिलो.
डोमाजींनी पेपरची घडी घातली, पाण्यात बुडवली
आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.

सातव्यानंतर मी फळी उलटी केली.
"खालूनबी?" ते म्हणाले. "खालून कोन पाह्यते?"
"पाणी."
बोलून गेले खरी. मग मलाच
थोडा वेळ दुसरीकडे बघावं लागलं.

फळ्या बसल्या. पितळेच्या कड्या बसल्या.
एक जरा हट्टी होती, सकाळी बसे, दुपारी कुरकुरे;
तिला तशीच सोडली.
डोमाजी चपला काढून आत उतरले,
छत खाली, म्हणून मान वाकवून,
आणि विचारलं, "हे हालते कसं?"
मी दाखवलं: गुडघे सैल. आधी हा, मग तो.
तळव्यांनी ऐकायचं.
साठीची दोन माणसं, वाकलेली,
न हलणाऱ्या होडीत गुडघे हलवत.
बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

"कधी नेता?"
"दिवाळीनंतर."
कुठल्या दिवाळीनंतर, ते त्यांनी विचारलं नाही.
फटीवरून नख फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
उरलेले तुकडे बांधले, घरी पाट करायला.
निघताना फाटकातून म्हणाले,
"डबा उलटा ठेवा, बाई.
सरका ठेवला तं वरून साय धरते."